आधी पिण्याचे पाणी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

«सप्रेम नमस्कार. मी जुळे सोलापूरमध्ये राहते आणि एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. चार वर्षांपूर्वी आम्ही नऊ जणांनी दर पंधरा दिवसांनी जमून एकमेकांचे लेखन वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या कथेत नेमके काय अडते आहे ते मला लवकर दिसते, असे सगळे म्हणतात. त्यामुळे हळूहळू प्रत्येकाचे लेखन आधी माझ्याकडे येऊ लागले. आता गटाबाहेरचे लोकही व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात. गिरणीत काम केलेल्या एका वयस्कर काकांनी तर आठवणींच्या सहा वह्या घरी आणून दिल्या आहेत. मी प्रत्येकाला सविस्तर लिहून कळवते. एका तरुणाच्या कथेवर मी दिलेली टिपणे सोबत जोडली आहेत, म्हणजे मी काय करते ते तुम्हाला कळेल. माझी स्वतःची कादंबरी मात्र दोन वर्षांपासून तिसऱ्या प्रकरणात अडली आहे. ती माझ्या आजीवर आहे. तिने आयुष्यभर विड्या वळल्या. लिहायला बसले की दुसऱ्यांना सांगितलेले सगळे दोष माझ्याच ओळींत दिसतात आणि मी खोडत बसते. परवा गटातले एक जण कौतुकाने म्हणाले, "ताई, तुम्ही लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, तुमचा पिंड समीक्षकाचा आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी हे वाचून देणे बंद करावे का? बंद केले तर मी स्वार्थी ठरेन का? आणि माझा पिंड खरोखरच तोच असेल तर?»

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबतची टिपणे चार वेळा वाचली. मला जे सांगायचे आहे ते त्या टिपणांत सापडले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या तरुणाच्या कथेतली आई कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. तिच्याविषयी त्याने एक वाक्य लिहिले होते: «आईने आमच्यासाठी जे कष्ट केले ते शब्दांत सांगणे अशक्य आहे.» तुम्ही त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले, «हे काढा, त्याऐवजी असे काहीतरी लिहा», आणि पुढे या ओळी दिल्या: «आई कात्री खाली ठेवायची, पण हात थांबायचे नाहीत. रात्री झोपेतही तिचा अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा, जणू एक पान वळायचे राहून गेले आहे.»

या ओळी वाचून मी कागद खाली ठेवला. विड्या वळणारे हात ज्याने जवळून पाहिले आहेत, त्यालाच हे सुचू शकते. संध्याकाळी भिजत घातलेली तेंदूची पाने, पत्र्याच्या मापावर धरून कापलेला पानाचा तुकडा, सुपातली तंबाखूची चिमूट, तोंड दुमडून दोऱ्याचा फेरा, आणि हे सगळे दिवसातून हजार वेळा करणारी बोटे. ती बोटे झोपेतही फिरत असणार हे वाक्य वाचताच पटते. पण ताई, त्या मुलाच्या आईची बोटे झोपेत फिरत होती का? तुम्हाला ते ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही, कारण तुम्ही पाहिली ती तुमच्या आजीची बोटे. त्या मुलाने तुमच्या ओळी आभार मानून जशाच्या तशा कथेत घातल्या असतील, आणि आता त्याच्या कथेत त्याच्या आईला तुमच्या आजीचे हात आहेत.

तुमचे तिसरे प्रकरण दोन वर्षे अडले आहे असे तुम्ही म्हणता. माझ्या मते ते अडलेले नाही. ते तुम्ही लिहीत आहात, फक्त तुकड्यातुकड्यांनी आणि दुसऱ्यांच्या समासांत. चार वर्षांत किती जणांच्या कथांत असे तुकडे गेले असतील याचा विचार करून मला खरोखर वाईट वाटले. म्हणून वाचून देणे बंद करावे का, या तुमच्या प्रश्नाआधी मी एक वेगळी गोष्ट सुचवतो. वाचून देणे चालू ठेवा. दुसऱ्यासाठी लिहून देणे आजपासून थांबवा.

या दोन्हींतला फरक तुमच्याच टिपणांत आहे. त्याच कथेच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे, «इथे मला कळले नाही की वडील घर सोडून गेले आहेत की नुसते कामावर गेले आहेत, आणि त्यामुळे पुढचा संवाद मी दोनदा वाचला.» हे टिपण फार मोलाचे आहे. वाचताना तुम्ही कुठे अडखळलात एवढेच त्यात सांगितले आहे आणि उपाय लेखकावर सोपवला आहे. लेखकाला एकट्याने बसून जे कळूच शकत नाही ते असे टिपण कळवते, आणि ते लिहायला तुम्हाला दोन मिनिटेही लागली नसतील. आईच्या वाक्याच्या बाबतीतही हेच करता आले असते. «काम थांबल्यावर आईचे हात काय करायचे?» एवढा प्रश्न समासात लिहिला असता, तर तो मुलगा घरी जाऊन आईकडे पाहत बसला असता. त्याला जे दिसले असते ते कदाचित तुमच्या ओळीइतके सुंदर नसते, पण ते त्याचे असते, आणि तुमची ओळ तुमच्याजवळ राहिली असती.

तुम्ही शिक्षिका आहात, आणि यातला काही भाग त्या सवयीतून आला असावा असे मला वाटते. नववीच्या दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रत्येक चूक खुणेने दाखवावी लागते, तिच्याजागी बरोबर काय ते लिहावे लागते आणि शेवटी गुण द्यावे लागतात. एखादी चूक सुटली तर पालक शाळेत येतात. कथेला हा नियम लागू नाही. कथेतल्या पंधरा उणिवांपैकी लेखकाला एका वेळी दोन किंवा तीनच पेलतात, आणि त्या दुरुस्त केल्या की उरलेल्यांतल्या निम्म्या बहुधा आपोआप जातात. म्हणून एका कथेवर तीन टिपणे पुरेत: एक, जिथे तुमचे मन कथेत पूर्ण गुंतले ती जागा, दोन, जिथे तुम्ही कथेबाहेर पडलात ती जागा, आणि तिसरा, लेखकाला विचारावासा वाटलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पहिली जागा सांगायला विसरू नका. आपले कुठे साधले आहे हे नव्या लेखकाला ठाऊक नसते, आणि तेच सांगितले नाही तर सुधारणा करताना तो नेमके ते खोडून टाकतो.

आता वेळेचा हिशेब. सुमारे तीन हजार शब्दांची कथा एकदा सरळ वाचायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचायला तासभर, आणि तुम्ही लिहिता तशी चार-पाच पानांची टिपणे लिहायला आणखी दीड-दोन तास. म्हणजे एका कथेला तीन तास. महिन्याला सहा कथा आल्या तर अठरा तास झाले, आणि तेही शाळा, घर आणि पेपर तपासणी यांतून उरलेले. एका तासात अडीचशे शब्द, इतक्या सावकाश गतीने जरी तुम्ही लिहिले असते, तरी त्या अठरा तासांत साडेचार हजार शब्द झाले असते, म्हणजे बेताच्या लांबीचे एक प्रकरण. तीन टिपणांची शिस्त लावली तर तीन तासांचे काम सव्वा ते दीड तासावर येते. कोणालाही नकार न देता तुमचा निम्मा वेळ परत मिळतो.

पण केवळ वेळ मिळून भागणार नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी नऊ वर्षे एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवडण्याचे काम केले. आषाढात कथांची पाकिटे यायला सुरुवात व्हायची, आणि नवरात्र येईपर्यंत माझ्या टेबलावर दुसऱ्या कशालाही जागा नसायची. नाकारलेल्या कथांच्या लेखकांनाही मी दोन-दोन पाने लिहायचो. ते काम मी मनापासून केले आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण दिवाळी ते आषाढ हे सात-आठ महिने मोकळे असूनही त्या नऊ वर्षांत माझ्या हातून तीनच कथा झाल्या, आणि त्याचे कारण वेळेची कमतरता नव्हती. दुसऱ्याची कथा वाचून दिली की त्याच आठवड्यात कोणीतरी फोन करून आभार मानायचे, काम एका बैठकीत संपायचे, आणि आपण उपयोगी पडलो या समाधानात झोप लागायची. माझ्या कथेची वाट कोणीच पाहत नव्हते. ती एका बैठकीत संपत नव्हती, आणि चार दिवस लिहून पाचव्या दिवशी फाडून टाकली तरी कोणाला कळणार नव्हते. अशा दोन कामांतून रोज निवड करायची झाली, तर माणूस पहिले काम निवडतो, आणि वर आपण त्याग करतो आहोत असेही त्याला वाटते. मला तसे वाटत होते. तुमच्या पत्रातल्या «स्वार्थी» या शब्दामागे मला तेच दिसते.

यावर उपाय आपल्या सोलापूरकरांच्या घरात आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस ठरलेला असतो, वेळ बहुधा अडनिडी असते, आणि नळ सुरू झाला की घरातली बाई आधी काय करते ते तुम्हाला मी सांगायला नको. ती पहिल्यांदा पिण्याचे पाणी भरते. घागर, हंडा, माठ आणि फिल्टरची टाकी भरल्यानंतर ती मोटार लावून वापराची टाकी भरते, नंतर बादल्या आणि पिंपे भरते, आणि मग शेजारच्या काकूंना पाइप हवा असेल तर आनंदाने देते. आधी शेजारी पाइप देऊन, उरलेल्या वेळात पाणी राहिले तर आपला माठ भरू, असे कोणी करत नाही, आणि तिने आधी आपला माठ भरला म्हणून तिला स्वार्थीही कोणी म्हणत नाही. दिवसातला तुमचा जो ताजा तास असेल तो पिण्याच्या पाण्याचा आहे असे समजा. सकाळची शाळा असेल तर तो पहाटे येईल, दुपारची असेल तर सकाळी येईल. तो तास, आणि रोज जमत नसेल तर आठवड्यातले ठरलेले तीन दिवस, कादंबरीसाठी ठेवा. त्या दिवशी कादंबरीचे पान झाल्याशिवाय दुसऱ्याचे एकही पान उघडायचे नाही, आणि व्हॉट्सॲपही उघडायचे नाही, कारण तिथे कोणाची तरी पीडीएफ वाट पाहत असतेच.

मग दुसऱ्यांचे लेखन आपण दमलेल्या मनाने वाचायचे का, आणि ते त्यांच्यावर अन्यायाचे नाही का, असे तुमच्या मनात येईल. पहिले वाचन दमलेल्या मनाने करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. कथा छापून आल्यावर तिचा वाचक ती कशी वाचणार आहे? रात्री जेवण झाल्यावर, एसटीच्या गर्दीत, किंवा मुलाची शिकवणी सुटण्याची वाट पाहत उभ्या उभ्या. दमलेल्या वाचकाला जिथे डुलकी येते ती जागा लेखकाला कळायलाच हवी, आणि ताज्या मनाचा, शिस्तीचा वाचक ती जागा नेटाने ओलांडून जातो. टिपणे लिहिण्यासाठी मात्र रविवारची दुपार राखून ठेवा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही.

तुमच्या पत्रातली खोडण्याची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. दुसऱ्यांना दाखवलेले दोष स्वतःच्या ओळींत दिसतात असे तुम्ही लिहिले आहे. ते दिसणारच, आणि नजर म्हणून ते चांगलेच आहे. प्रश्न फक्त ती नजर कधी लावायची हा आहे. लोक तुमच्याकडे कथा आणतात तेव्हा ती त्यांनी तीन-चार वेळा लिहिलेली असते, निदान एकदा तरी स्वच्छ उतरवून काढलेली असते. तुम्ही मात्र आज सकाळी प्रथमच कागदावर उतरलेल्या ओळीची तुलना त्या चौथ्या खर्ड्याशी करता, आणि कधी कधी छापील पुस्तकाशीही करत असाल. विडीचेच उदाहरण घ्या. बाई घरी हजार विड्या वळते, मग कारखान्यात नेऊन देते, आणि तिथे तपासणारा माणूस वाईट विड्या बाजूला काढतो. वळणे आणि तपासणे ही कामे दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या वेळी होतात. तो तपासणारा घरी येऊन बाईच्या सुपाशेजारी बसला आणि प्रत्येक विडी हातातून घेऊन पाहू लागला, तर संध्याकाळपर्यंत शंभर विड्याही होणार नाहीत. तुमच्या आजीला हे कोणी समजावून सांगावे लागले नसते.

म्हणून तिसरे प्रकरण पाठकोऱ्या कागदांवर हाताने लिहा. शाळेत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असतील, ते चालतील, कारण त्या कागदावर चांगले अक्षर काढण्याचा मोह होत नाही. रोज बसताना आदल्या दिवशीच्या शेवटच्या पाच ओळीच वाचा, त्याच्या मागे जाऊ नका. खोडावेसे वाटले तर समासात एक फुली करा आणि पुढे चला. प्रकरण संपेपर्यंत त्या फुल्यांकडे परतायचे नाही. संपल्यावर ते आठ-दहा दिवस कपाटात ठेवा, आणि मग ते एखाद्या अनोळखी माणसाने पाठवले आहे असे समजून, इतरांना लावलेला तीन टिपणांचा नियमच स्वतःला लावा. तीनच. स्वतःसाठी तीसची यादी काढायची नाही.

आणखी एक गोष्ट करून पाहा, ती मला फार उपयोगी पडली होती. गेल्या वर्षभरात तुम्ही दिलेली जी टिपणे हाताशी असतील ती एकत्र काढा, आणि कोणता दोष तुम्ही सर्वांत जास्त वेळा दाखवला आहे ते मोजा. माझ्या पत्रांच्या झेरॉक्स प्रती मी काढून बसलो तेव्हा मला दिसले की मी जवळजवळ प्रत्येकाला एकच सांगत होतो: तुमच्या पात्राला रागच येत नाही. माझ्या त्या काळातल्या अर्धवट कथा काढून वाचल्या, तर त्यांतही कोणाला राग येत नव्हता. दुसऱ्याच्या लेखनात जे आपल्याला पुन्हा पुन्हा खटकते, त्याच्याशी आपण स्वतः झगडत असतो असा माझा अनुभव आहे. तुमच्या टिपणांत काय निघेल ते मी सांगू शकत नाही, पण तिसरे प्रकरण का अडले याचा काही धागा तिथे मिळण्याची शक्यता मला मोठी वाटते.

आता पिंडाविषयी. त्या गृहस्थांनी चांगल्या मनानेच म्हटले असेल, पण समीक्षक आणि लेखक अशा दोन वेगळ्या जाती आहेत असे आपल्या मराठीचा इतिहास सांगत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी नवकवितेला वळण दिले आणि सौंदर्यशास्त्रावरही मूलगामी लेखन केले. विजया राजाध्यक्षांनी आयुष्यभर कथा लिहिल्या, आणि त्याच मर्ढेकरांच्या कवितेचा त्यांनी केलेला अभ्यास साहित्य अकादमीने १९९३ साली गौरवला. आपल्या सोलापुरात डॉ. निर्मलकुमार फडकुले होते. त्यांच्या नावाच्या सभागृहात तुम्ही कार्यक्रमांना गेला असाल. ते समीक्षकही होते आणि ललित लेखकही. दुसऱ्या बाजूला, १९८२ साली बंद झालेल्या «सत्यकथे»चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी दुसऱ्यांच्या लेखनावर मेहनत घेणे हेच आपले काम मानले, आणि मराठी कथेच्या दोन-तीन पिढ्यांवर त्यांचे ऋण आहे. तेही थोर काम आहे आणि ते करण्यात कोणताही कमीपणा नाही. पण त्या दोघांनी ते काम निवडले होते. तुम्ही मात्र त्यात ओढल्या गेलात, आणि कौतुकाचे ते वाक्य ऐकून तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्यांचे लेखन तपासणे ही तुमची खरी निवड असती, तर ते वाक्य ऐकून तुम्हाला बरे वाटले असते. तुमच्या पिंडाविषयी मला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

काकांच्या सहा वह्या वाचायला घेण्याआधी त्यांना एकदा चहाला बोलवा आणि विचारा, की काका, हे तुम्ही कोणासाठी लिहिले आहे? मला वाटते ते नातवंडांसाठी म्हणतील. तसे असेल तर त्यांना समीक्षेची गरजच नाही. त्यांना हवा आहे नीट टाइप करून देणारा माणूस, आणि गिरणीचा भोंगा, पाळी, पगाराचा दिवस आणि संप यांविषयी प्रश्न विचारून ऐकत बसणारे कोणीतरी. टाइपाचे काम करणारा तुमच्या ओळखीत असेल, आणि ऐकत बसायला तुमच्या गटातला एखादा तरुण तयार होईल. त्यालाही त्यातून पुष्कळ मिळेल. या शहराला जाग आणणारे भोंगे बंद पडले, ते ऐकलेली माणसेही आता थोडीच उरली आहेत, तेव्हा त्या वह्या टाइप होऊन टिकणे फार महत्त्वाचे आहे. त्या कामासाठी तुमची चार पानांची टिपणे लागत नाहीत. छापण्यासाठीच लिहिले आहे असे ते म्हणाले, तर पहिली तीस पाने वाचा आणि जे सांगायचे ते समोरासमोर बोला.

गटाबाहेरून येणाऱ्यांना एकच मजकूर पाठवत जा: «कथा मिळाली. सध्या माझे स्वतःचे लेखन चालू असल्याने महिन्याला दोनच कथा वाचून होतात. तुमचा क्रम अमुक महिन्यात येईल, चालेल का?» ज्याला खरी गरज आहे तो थांबतो. गटात मात्र नियम बदलायला हवा, आणि तो तुम्हीच मांडायला हवा: ज्याला आपले लेखन वाचून घ्यायचे आहे त्याने त्याच बैठकीत दुसऱ्या कोणाचे तरी वाचून आलेले असावे. नऊ जणांत एकच जण वाचतो आणि आठ जण ऐकतात, हा गट नव्हे, ही शिकवणी झाली, आणि शिकवणी घेण्यासाठी तुम्हाला शाळा आहे. त्या नऊ जणांत तुमची पाळीही लावा, तारीख ठरवून. त्यामुळे तुमच्या कादंबरीची वाट पाहणारी आठ माणसे तयार होतील, आणि ज्या कामाची वाट कोणीतरी पाहत असते ते कसे पुरे होते हे तुम्ही चार वर्षे पाहतच आहात.

शेवटी तो तरुण. त्याची कथा अजून छापलेली नसेल, तर त्याला भेटा आणि सरळ सांगा, की बाळा, त्या दोन ओळी मी तुला द्यायला नको होत्या, त्या माझ्या आजीच्या आहेत आणि मला माझ्या पुस्तकात हव्या आहेत. तू तुझ्या आईजवळ बस आणि तिचे हात पाहून तुझ्या ओळी लिही. त्याला यात अपमान वाटणार नाही. आपल्या आईविषयी आपल्यालाच अधिक चांगले लिहिता येईल असा विश्वास कोणीतरी दाखवला, याचे त्याला बरे वाटेल. आणि कथा छापून झाली असेल तर त्या ओळी त्याच्याकडे राहू द्या. आजीच्या हातांविषयी तुमच्याजवळ त्या दोनच ओळी असतील यावर माझा विश्वास नाही.

तुमच्या भागातला पाण्याचा पुढचा दिवस कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या पहाटे माठ भरून झाल्यावर मोटार लावली की वरची टाकी भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास तसेही जागेच राहावे लागते. तेव्हा स्वयंपाकघरातच पाठकोरे कागद घेऊन बसा आणि तिसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ आजीच्या अंगठ्यापासून सुरू करा. प्रकरण पुरे झाले की मला दोन ओळींचे पत्र अवश्य पाठवा, पण प्रकरण पाठवू नका. ते आधी तुमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या दिवशी पेन्सिल घरी ठेवून जा.